तजेलदार घोडा, रिकामं गोदाम: पैदाशीचा घोडा घेण्याआधी हार्मोनचा हिशोब समजून घ्या



पशुपालनातल्या धंद्यांवर आपण बोलायला लागल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय. "सर, एक चांगला मारवाडी घोडा घेतो, आसपासच्या गावांतल्या घोड्या भरवतो, प्रत्येक घोडीमागे फी घेतो. धंदा कसा आहे?"

धंदा चांगला होऊ शकतो. पण हा प्रश्न विचारणारे दहापैकी नऊ जण पुढचं जे बोलतात, त्यात रंग असतो, उंची असते, कानांचा आकार असतो, चाल असते, घोडा किती 'गरम' आहे हे असतं. ज्या गोष्टीवर फी मिळणार आहे, ती मात्र त्यात नसते.

म्हणून आजचा लेख थोडा वेगळा आहे. आज घोड्याच्या रक्तातली हार्मोन्स आणि त्याच्या वृषणांचं काम समजून घेऊ. घाबरू नका, मी पण पशुवैद्य नाही. माझं पशुखाद्याचं दुकान आहे, शिक्षण बीबीए. त्यामुळे मी हे दुकानदाराच्या भाषेतच सांगणार. उपचार आणि तपासणी मात्र पशुवैद्याकडूनच, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी गणित: तुम्ही नक्की काय विकताय?

समजा, तुम्ही 6 लाखांचा घोडा घेतला. (हे सगळे आकडे फक्त उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या भागातले आकडे टाकून तुम्ही परत मांडा.) चंदी, चारा, मोतद्दाराचा पगार, नालबंदी, औषधपाणी मिळून वर्षाला 3 लाख खर्च. फी ठरवली 15,000 रुपये. त्यातले 5,000 घोडी आणल्यावर, उरलेले 10,000 घोडी गाभण असल्याची खात्री झाल्यावर.

हंगामात 32 घोड्या आल्या. आगाऊ मिळाले 1 लाख 60 हजार. त्यातल्या 24 गाभण राहिल्या तर आणखी 2 लाख 40 हजार. एकूण 4 लाख. खर्च वजा जाता 1 लाख हातात.

आता तोच घोडा, त्याच 32 घोड्या, पण गाभण राहिल्या फक्त 12. एकूण झाले 2 लाख 80 हजार. म्हणजे 20 हजारांचा तोटा. यात घोड्याच्या 6 लाखांवरचं व्याज धरलेलंच नाही. आणि खरा तोटा पुढच्या वर्षी दिसतो. ज्या 20 जणांच्या घोड्या रिकाम्या परत गेल्या, ते गप्प बसत नाहीत. पुढच्या हंगामात 32 च्या जागी 10 घोड्या येतात.

खर्च भागवायलाच या उदाहरणात 14 घोड्या गाभण राहायला हव्यात. नफा-तोट्याची रेषा 14 वर आहे. ती घोड्याच्या उंचीवर नाही, रंगावर नाही. ती त्याच्या शुक्राणूंवर आहे. तुम्ही घोडा विकत घेताय, पण विकणार आहात शुक्राणू. म्हणून घोडा बघताना शोकेस कमी बघा, गोदाम आणि कारखाना जास्त बघा.

कारखाना चालतो कसा?

घोड्याच्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. याला मालक समजा. तो थोड्या थोड्या वेळाने एक निरोप सोडतो, त्या हार्मोनचं नाव जीएनआरएच. हा निरोप जातो मेंदूच्या खाली लटकलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडे. ती म्हणजे मॅनेजर. मॅनेजर दोन ऑर्डरी काढतो: एलएच आणि एफएसएच. रक्तातून त्या वृषणात पोचतात.

वृषणात दोन प्रकारचे कामगार आहेत. लायडिग पेशी एलएचच्या ऑर्डरीवर टेस्टोस्टेरॉन बनवतात. सर्टोली पेशी एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या दोघांच्या जोरावर शुक्राणू सांभाळतात, वाढवतात. शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच सगळी गोष्ट उभी आहे.

आता मॅनेजरला कळणार कसं की माल पुरेसा झाला? त्यासाठी उलटा निरोप असतो. रक्तात टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढलं की वरून ऑर्डर कमी होते. सर्टोली पेशी इनहिबिन नावाचं हार्मोन सोडतात, त्याने एफएसएच कमी होतं. आपल्या दुकानात माल भरलेला असला की आपण कंपनीला पुढची ऑर्डर देत नाही, अगदी तसंच.

एक गंमत सांगतो. इस्ट्रोजेन म्हटलं की आपल्याला मादीचं हार्मोन आठवतं. पण घोड्याच्या वृषणात इस्ट्रोजेन प्रचंड प्रमाणात बनतं. 1934 साली बर्नहार्ड झोंडेक या शास्त्रज्ञाने घोड्याच्या मूत्रात हे हार्मोन भरपूर सापडल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा सगळे चक्रावले होते. आज पशुवैद्य याचा उपयोग करून घेतात. घोड्याच्या रक्तातलं इस्ट्रोजेन घसरलं असेल, तर वृषणांत काहीतरी बिघडतंय अशी शंका घेतात.

57 दिवसांचा नियम

घोड्यात एका मूळ पेशीपासून शुक्राणू तयार व्हायला साधारण 57 दिवस लागतात. त्यानंतर तो वृषणाला चिकटलेल्या अधिवृषण नावाच्या लांब, गुंडाळलेल्या नळीतून जातो. तिथे तो पोहायला आणि फळवायला लायक बनतो. त्यात आणखी आठवडा-दीड आठवडा जातो. म्हणजे आज घोडीला मिळणारा माल दोन महिन्यांहून आधी कारखान्यात टाकलेला आहे.

धंद्यात याचा अर्थ काय?

पहिला अर्थ. आज घोड्याला मोठा ताप आला, तर त्याचा परिणाम आजच दिसेल असं नाही. तो पुढच्या आठवड्यांत दिसतो आणि घोडा बरा दिसायला लागल्यावरही टिकतो. पूर्ण भरपाई व्हायला दोन-अडीच महिने धरा.

दुसरा अर्थ. आज खुराक सुधारला, तर निकाल उद्या मिळत नाही. माझ्या दुकानात लोक येतात आणि म्हणतात, "दादा, आठ दिवसांनी घोडी येणार आहे, काहीतरी ताकदीचं द्या." आठ दिवसांत घोड्याच्या अंगावर तकाकी येईल. शुक्राणूंचा कारखाना आठ दिवसांत बदलत नाही. हंगामाची तयारी करायची तर ती तीन महिने आधी.

तिसरा अर्थ सगळ्यात महागडा आहे. कारखाना बंद पडला, तर तो सुरू झाल्यावरही पहिला माल यायला दोन महिने लागतात. आणि कारखाना बंद पाडण्याचा सगळ्यात सोपा मार्ग बाजारात इंजेक्शनच्या बाटलीत मिळतो.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की काय होतं?

लोकांचा हिशोब सरळ असतो. टेस्टोस्टेरॉन म्हणजे मर्दानी हार्मोन. जास्त दिलं की घोडा जास्त मर्दानी. मान जाड होते, पुठ्ठे भरतात, कातडी चमकते, घोडी दिसली की खिंकाळतो, दोन पायांवर उभा राहतो. गिऱ्हाईक खूश.

आता वरची साखळी आठवा. बाहेरून टोचलेलं टेस्टोस्टेरॉन रक्तात वाढलं. मेंदूने पाहिलं, 'माल भरपूर आहे.' त्याने जीएनआरएच कमी केलं. पिट्युटरीने एलएच कमी केलं. एलएच नाही म्हटल्यावर लायडिग पेशींनी स्वतःचं उत्पादन थांबवलं. आणि वृषणाच्या आत जे कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, ते कोसळलं. बाहेरच्या इंजेक्शनने रक्तातली पातळी वाढते, पण वृषणाच्या आतली ती पातळी भरून निघत नाही.

परिणाम? शुक्राणूंची संख्या घटते, वृषण लहान आणि मऊ पडतात. स्नायू भरवणारी ॲनाबॉलिक स्टिरॉइड्स याच जातीतली, नॅन्ड्रोलोन आणि बोल्डेनोन ही त्यातली नावं. त्यांचाही पैदाशीच्या घोड्यावर हाच परिणाम होतो. औषध बंद केल्यावर बहुतेकदा कारखाना हळूहळू सुरू होतो, पण त्यात महिने जातात.

म्हणजे बघा, बाहेरून घोडा दुप्पट मर्दानी दिसतोय आणि आतून गोदाम रिकामं होतंय. दुकानाच्या भाषेत, शोकेसला एलईडी लावले आणि कारखान्याची वीज तोडली.

हे उलट बाजूनेही लागू पडतं. घोडा फार दांडगाई करतो म्हणून त्याला शांत करायला काही जण प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध देतात, अल्ट्रेनोजेस्ट हे त्यातलं एक. तेसुद्धा वरची ऑर्डर दाबतं. ज्या घोड्यावर पैदाशीचा धंदा उभा करायचाय, त्याला असं काही देण्याआधी पशुवैद्याला स्पष्ट सांगा, "हा पैदाशीचा आहे."

गरम घोडा आणि फळवणारा घोडा, या दोन गोष्टी वेगळ्या

घोड्याचा उत्साह मुख्यतः रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनवर आणि त्याच्या अनुभवावर चालतो. घोडी फळणं शुक्राणूंवर चालतं. हे दोन वेगळे विभाग आहेत. एक जोरात चालू असताना दुसरा बंद असू शकतो. तीन उदाहरणं देतो.

पहिलं, अंडं वर अडकलेला घोडा. काही घोड्यांची एक किंवा दोन्ही वृषणं पोटातून खाली उतरतच नाहीत. पोटातली उष्णता शुक्राणूंना मानवत नाही, त्यामुळे अडकलेल्या वृषणात शुक्राणू बनत नाहीत. टेस्टोस्टेरॉन मात्र बनतं. दोन्ही अडकलेली असतील, तर घोडा पूर्ण गरम आणि पूर्ण नापीक. बाहेरून दोन्ही पिशव्या रिकाम्या, म्हणून तो 'खच्ची केलेला' म्हणूनही विकला जातो आणि नंतर तबेल्यात धुमाकूळ घालतो. अशा वेळी रक्ततपासणी कामाला येते. सर्टोली पेशी बनवतात ते अँटिम्युलेरियन हार्मोन वृषण असलेल्या घोड्यात सापडतं, खच्ची केलेल्यात नाही. एक वृषण खाली असलेला घोडा फळवू शकतो, पण हा दोष पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता धरली जाते. म्हणून पैदाशीसाठी असा घोडा घेऊच नये.

दुसरं, वय झालेला किंवा वृषणं झिजत चाललेला घोडा. अशा घोड्यांत हार्मोन्स एका ठराविक क्रमाने बिघडतात. आधी एफएसएच वाढतं, कारण मॅनेजर ओरडतोय आणि कामगार ऐकत नाहीत. इनहिबिन आणि इस्ट्रोजेन घसरतं. टेस्टोस्टेरॉन घसरतं सगळ्यात शेवटी. म्हणजे घोड्याचा जोश हा सगळ्यात उशिरा जाणारा पाहुणा आहे. जोश बघून खरेदी करणारा, बातमी सगळ्यात शेवटी ऐकतो.

तिसरं उदाहरण उलटं आहे. घोडा थंड दिसतो, पण शुक्राणू उत्तम. कळपात घोड्या सांभाळणाऱ्या नराचं टेस्टोस्टेरॉन, नुसत्या नरांच्या टोळक्यात राहणाऱ्या नरापेक्षा जास्त असतं. तबेल्यातही दांडग्या नराच्या शेजारी बांधलेला घोडा दबून जाऊ शकतो. तोच घोडा घोड्यांच्या जवळ हलवला की खुलतो. कधी मागच्या पायात किंवा पाठीत दुखत असतं म्हणून तो चढत नाही. कधी आधी मार खाल्लेला असतो. अशा घोड्याला टेस्टोस्टेरॉन टोचणं म्हणजे गाडीचं टायर पंक्चर असताना इंजिन ऑइल बदलणं. आधी जागा बदला, मोतद्दाराची वागणूक बघा, पाय तपासून घ्या. त्यानंतरही गरज पडली तर पशुवैद्य कधी कधी जीएनआरएचचा छोटा डोस वापरतात. तो घोड्याची स्वतःची साखळी हलवतो. पण तो निर्णय त्यांचा.

आणखी एक. 'टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट नॉर्मल आहे' असा कागद कुणी दाखवला, तर त्यावर हुरळून जाऊ नका. हे हार्मोन दिवसभरात वरखाली होतं. एका वेळच्या एका नमुन्यावर घोड्याची पैदास क्षमता ठरत नाही.

डिसेंबरची जत्रा आणि वसंताचा हंगाम

आपल्याकडे घोड्यांचा सगळ्यात मोठा बाजार नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला, तापीकाठी, दत्त जयंतीच्या यात्रेत भरतो. म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, बहुतेकदा डिसेंबर. नेमका वर्षातला सगळ्यात लहान दिवस याच दिवसांत येतो. आणि घोडा हा दिवस मोठा झाल्यावर पैदास करणारा प्राणी आहे.

डोळ्यावर पडणारा उजेड मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीपर्यंत पोचतो. अंधार असेपर्यंत ही ग्रंथी मेलाटोनिन सोडते. रात्र मोठी तर मेलाटोनिन जास्त वेळ, आणि जीएनआरएचची ऑर्डर कमी. दिवस वाढायला लागले की उलटं. त्यामुळे हिवाळ्यात घोड्याचं टेस्टोस्टेरॉन, वृषणांचा आकार, शुक्राणूंचं उत्पादन, सगळं उतरतं. घोडीसारखा घोडा पूर्ण बंद होत नाही, पण थंड प्रदेशांतल्या अभ्यासांत हिवाळ्यातलं उत्पादन उन्हाळ्याच्या साधारण निम्म्यावर आलेलं दिसतं. आपल्याकडे हा फरक सौम्य असतो, कारण दिवसाची लांबी तेवढी बदलत नाही. सारंगखेड्यात लहानात लहान दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा, मोठ्यात मोठा साडेतेरा तासांच्या आसपास.

आता व्यापाऱ्याच्या जागी उभे राहा. डिसेंबरमध्ये घोडा निसर्गतःच थोडा थंड असणार. गिऱ्हाईक मात्र गरम घोडा शोधतंय. इंजेक्शनचा मोह नेमका इथे होतो.

आणि आता तुमच्या जागी या. डिसेंबरच्या शेवटी असा टोचलेला घोडा तुम्ही घरी आणला. औषध अंगातून उतरायला वेळ लागणार, तो वेगळा. त्यानंतर ऑर्डर परत सुरू होणार, त्यानंतर 57 दिवस, वर आठवडा-दीड आठवडा. सगळं सुरळीत झालं तरी एप्रिल उजाडला. फेब्रुवारी-मार्चमध्ये माजावर आलेल्या घोड्या रिकाम्या गेल्या. घोडी साधारण 11 महिने गाभण राहते, म्हणजे त्या मालकांचं जवळपास एक वर्ष गेलं. एका बाटलीची किंमत ही आहे.

दिव्यांबद्दलही विचारतात. जगभरातल्या स्टड फार्मवर घोड्यांना संध्याकाळी दिवे लावून रोज 16 तास उजेड देतात, म्हणजे हंगाम लवकर सुरू होतो. घोडीसाठी ही पद्धत पक्की आहे. नराला दिल्यास त्याचा बहर लवकर येतो, पण लवकर ओसरतोही. वर्षाचं एकूण उत्पादन त्याने वाढत नाही. दिव्याने माल आधी मिळेल, जास्त मिळणार नाही.

आपल्या उन्हाळ्याचा हिशोब

दिवस मोठा होणं घोड्याला हवं असतं, पण उष्णता नको असते. शुक्राणू बनायला वृषणांचं तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी लागतं. त्यासाठी निसर्गाने सोय केलीय. पिशवीच्या कातडीला भरपूर घाम येतो, स्नायू वृषणांना वर-खाली करतात, आणि आत जाणारं गरम रक्त बाहेर येणाऱ्या थंड रक्ताच्या जाळ्यातून निवत जातं.

पण मे महिन्यात जळगावला किंवा नागपूरला पत्र्याखाली बांधलेल्या घोड्याची ही सोय कमी पडू शकते. तबेला उंच, वारा खेळता, पत्र्यावर पाचट किंवा गवत, दुपारी पाणी, घोडी भरवायची ती पहाटे किंवा संध्याकाळी. यातलं काहीच महाग नाही. आणि घोडा लठ्ठ करू नका. पिशवीच्या वरच्या भागात चरबी साठली की उष्णता अडकते.

पैसे देण्याआधी काय तपासायचं?

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा.

1. वय. घोडा दीड-दोन वर्षांचा झाला की वयात येतो, पण पूर्ण क्षमता चार-पाच वर्षांची झाल्यावरच. कोवळ्या घोड्यावर 30 घोड्यांचं बुकिंग घेऊ नका.

2. वृषणं हाताने तपासून घ्या. दोन्ही खाली हवीत, साधारण सारखी, घट्ट पण कडक नाहीत. भरल्या अंगाच्या, जाड मानेच्या घोड्याची वृषणं लहान आणि मऊ लागली, तर सावध व्हा.

3. रुंदी मोजा. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर थेरिओजेनॉलॉजी या पशुप्रजनन तज्ज्ञांच्या संघटनेच्या निकषात, पूर्ण वाढ झालेल्या घोड्याच्या दोन्ही वृषणांची मिळून रुंदी किमान 8 सेंटिमीटर धरतात. वृषण जेवढं मोठं तेवढं रोजचं उत्पादन जास्त.

4. वीर्य तपासणी. त्याच निकषांत आठवडाभर विश्रांती देऊन एका तासाच्या अंतराने दोनदा वीर्य घेतात. दुसऱ्या वेळच्या वीर्यात सरळ पुढे पोहणारे, आकाराने ठीक असे किमान 100 कोटी शुक्राणू हवेत. दोनदा का? कारण बरेच दिवस विश्रांती घेतलेल्या घोड्याच्या गोदामात जुना माल साठलेला असतो. पहिला नमुना गोदामाचा, दुसरा कारखान्याची खरी गोष्ट सांगतो. काही घोड्यांत तर जुना माल इतका तुंबतो की चार-पाच वेळा काढल्यावर चांगले शुक्राणू येतात. म्हणून एका वाईट रिपोर्टवर घोडा नाकारू नका, आणि नुसत्या एका चांगल्या नमुन्यावर पैसेही मोजू नका.

5. हार्मोन तपासणी. शंका असेल तर पशुवैद्याला विचारून एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन एकत्र तपासा. एलएच दबलेलं आणि अंग मात्र भरलेलं, हे चित्र बाहेरून काहीतरी दिल्याची शंका घ्यायला पुरेसं आहे.

6. रोगांची तपासणी. ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया यांचा रिपोर्ट नाही, तर व्यवहार नाही. ग्लँडर्स माणसालाही होतो.

7. सौदा कागदावर. टोकन द्या आणि लिहून घ्या: वीर्य तपासणी पास झाली तरच उरलेली रक्कम, आणि गेल्या सहा महिन्यांत कोणतं हार्मोन दिलं ते विक्रेत्याच्या सहीने. प्रामाणिक विक्रेता याला हरकत घेत नाही. हरकत घेतली तर तुम्हाला उत्तर तिथेच मिळालं.

तपासणीसाठी जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा प्रजनन विभाग गाठा. मुंबई, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे ती आहेत. फीचा खर्च 6 लाखांच्या सौद्यात किरकोळ आहे.

एका घोड्यावर किती घोड्या?

घोडीचं चक्र साधारण 21 दिवसांचं. त्यात माज पाच ते सात दिवस, आणि बीज सुटतं माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी. बीज कधी सुटणार हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही, म्हणून एक दिवसाआड भरवतात. म्हणजे एका घोडीमागे एका माजात दोन-तीन वेळा. घोड्या एकदम माजावर आल्या, तर घोड्याचं गोदाम रोज रिकामं होतं. कारखान्याचा रोजचा वेग ठरलेला आहे, तुम्ही घाई केली म्हणून तो वाढत नाही.

वर सांगितलेल्या निकषांत पास झालेल्या घोड्यासाठी एका हंगामात नैसर्गिक पद्धतीने साधारण 40 घोड्या आणि कृत्रिम रेतनाने 120, असा अंदाज धरतात. नव्या, तरुण घोड्याला पहिल्या वर्षी यापेक्षा बरंच कमी ठेवा. आणि भरवताना शेपटीकडे लक्ष ठेवा. वीर्य सुटताना घोड्याची शेपटी तालात वर-खाली होते. घोडा चढला म्हणजे काम झालं असं नाही. ही खूण दिसली का, ते वहीत लिहा. तारीख, घोडी, कितवा माज, शेपटीची खूण, सोनोग्राफीचा निकाल. ही वही म्हणजे तुमचं ब्रँडिंग आहे.

पुढची पायरी आणि सरकारी मदत

कृत्रिम रेतनाने एका घोड्याची कमाई तिप्पट होऊ शकते, पण इथेही सगळे घोडे सारखे नाहीत. चांगले शुक्राणू असलेल्या काही घोड्यांचं वीर्य गोठवल्यावर टिकत नाही. त्यामुळे आधी चाचणी, मग गुंतवणूक. रेसच्या थरोब्रेडमध्ये तर कृत्रिम रेतनाने झालेल्या शिंगराची नोंदणीच होत नाही, तिथे नैसर्गिक संयोगच लागतो. मारवाडीसारख्या देशी जातींवर हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि त्याचं बिकानेरचं केंद्र काम करतं. मे 2023 मध्ये बिकानेरला भ्रूण प्रत्यारोपणाने मारवाडी शिंगरू जन्माला आलं. म्हणजे तंत्र देशात आहे.

पैशाचं म्हणाल, तर राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी 2024 च्या मंजुरीनंतर घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश झाला. उद्योजकाला भांडवली खर्चाच्या 50 टक्के, कमाल 50 लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. सध्याच्या अटी जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात विचारून घ्या. पण अनुदान मिळतंय म्हणून घोडा घेऊ नका. 14 घोड्यांची रेषा ओलांडता येत असेल तर घ्या.

आता तुमचं काम

या आठवड्यात दोनच गोष्टी करा. तुमच्या 25 किलोमीटरच्या परिसरात पैदासक्षम घोड्या किती आहेत, ते मोजा. आणि वरचं गणित तुमच्या आकड्यांनी मांडून तुमची स्वतःची रेषा काढा. कुणाला 9 येईल, कुणाला 20.

त्यानंतर घोडा बघायला जा. विक्रेता घोडा नाचवून दाखवेल, बघा, कौतुकही करा. मग शांतपणे विचारा, "दादा, दुसऱ्या नमुन्याचा रिपोर्ट कुठाय?"